पोरं वाचवली म्हणून गर्दी वाढली?

आमच्या जळगावच्या भाऊबंदकीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय: गरिबांची पोरं औषधं देऊन वाचवली की लोकसंख्या फुगते; पोरं जास्त म्हणूनच ते गरीब; आणि सक्तीशिवाय हे थांबणार नाही. पाठवणारे माझे काका.

काका, आधी घरातलंच बघा. आजीला नऊ बाळंतपणं, जगली पाच. तुम्हाला दोन, मला एक. सक्ती कुणी केली? लसी आल्या, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी आलं, आणि झालेलं पोर हाती लागेल असा भरवसा आला. देशाचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये हजारातली ७९ बाळं वर्षाच्या आत दगावत, आणि बाईमागे मुलं होती ३.४. २०१९-२१ मध्ये हे आकडे ३५ आणि २.० झाले. बांगलादेशात १९७० च्या सुमारास बाईमागे जवळपास सात मुलं होती, आता दोनच्या आसपास. नायजरमध्ये आजही पोरं फार दगावतात, आणि जन्मही तिथेच फार. एक मात्र कबूल: मृत्यू आधी घटतात, जन्म मागाहून. मधली काही वर्षं गर्दी वाढतेच. मेसेजवाल्याला तेवढीच दिसली.

आता गरिबीचं. अक्कलकुवा-धडगावकडची जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. मग तान्ह्याला कोण बघणार? थोरली पोरगी, शाळा सोडून. म्हातारपणी पोटापुरती पेन्शन नाही, जमीन असली तर डोंगरउताराची. पोरगा हाच आधार, आणि एक जगेल की नाही याची खात्री नसली की माणूस दोन-तीन हाताशी ठेवतो. पाठोपाठच्या बाळंतपणांनी आईचं रक्त आटतं, बाळ कमी वजनाचं होतं, हे खरंच आहे. पण पाळणा लांबवायचा सल्ला देते ती आशाताई. आणि तिचं ऐकतात ते तिने आधीचं पोर वाचवलेलं असतं म्हणून.

सक्तीचा प्रयोग आणीबाणीत, १९७६ ला झालाय. पुरुष नसबंदीचं नाव तेव्हा जे बदनाम झालं ते अजून सावरलेलं नाही. ओझं बायकांवर पडलं ते पडलंच.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. काकांनी रात्री फोन केला. ‘माझी ती चार भावंडं कशानं गेली, माहितीय तुला?’ दोन गोवरानं, एक धनुर्वातानं. चौथ्याचं त्यांनाही आठवत नव्हतं.