स्क्रीनशॉट काढला म्हणजे चोरी केली काय राजेहो

आपल्या वणीकडच्या ग्रुपांवर एक पोस्ट लई फिरून राहिली: "गुगलच्या नकाशाचे स्क्रीनशॉट जोडतात, लाखोंत विकतात अन् कलावंत म्हणवतात. तिथं पाय ठेवत नाही, मेहनत नाही, शेंबडं पोरगंही करन, नुसती चोरी." खाली एका लाल डबक्याचं चित्र.

ते चित्र मिश्का हेनर नावाच्या कलावंताचं, उपग्रहाच्या चित्रांचे तुकडे जोडून बनवलेलं. जागा अमेरिकेतल्या टेक्सासमधली, डॅलहार्टची, कोरोनॅडो फीडर्स, म्हणजे मांसासाठी हजारो जनावरं कोंडून लठ्ठ करायचा धंदा. आता तिथं पाय ठेवून काय दिसलं असतं बाप्पा? कुंपण अन् घाण वास. तिथल्याच आयोवा राज्यानं तं २०१२ मध्ये कायदाच केला, खोटं कारण सांगून फार्मात शिरलं की गुन्हा. आपल्याकडं कोळसा खाणीच्या गेटवर मोबाईल काढून पाहा, वॉचमन लगेच हटकते, पण घरी बसून सॅटेलाइट व्ह्यू लावला की वर्धा नदीकाठचे मातीचे ढिगारे अन् पाणी भरलेले खड्डे सगळे दिसतेत, बाजूच्या कपाशीच्या पट्ट्यांसकट.

मेहनतीचं म्हणाल तं हेनरनं इतकं झूम करून शेकडो तुकडे जोडले की एकेक जनावर ठिपक्यासारखं वेगळं दिसते. अन् ते लाल डबकं म्हणजे शेण-मुताचं तळं. आपण शेणखताची ट्रॉली पैसे मोजून घेतो, तरी वेळेवर भेटत नाही, अन् तिथं एकाच जागी एवढी जनावरं की त्याच शेणाचं करायचं काय हा प्रश्न. हे मला कोण्या लेखानं नाही, त्या चित्रानं सांगितलं.

शेंबड्या पोराचं जाऊ द्या. पेनेलोपी अंब्रिको या कलावंत बाईनं २००६ मध्ये फ्लिकर या फोटो टाकायच्या वेबसाइटवर नुसतं सूर्यास्त शोधलं, ५,४१,७९५ फोटो निघाले, त्यातल्या कित्येकांतून फक्त सूर्य कापून तिनं भिंतभर लावले, अन् लोक त्याच भिंतीपुढं उभं राहून फोटो काढू लागले. आधी सुचलं काऊन नाही कोणाले?

चोरी होत नाही असं नाही. रिचर्ड प्रिन्स या अमेरिकी कलावंतानं दुसऱ्यांच्या इन्स्टाग्राम पोस्टा मोठ्या छापून विकल्या, फोटोग्राफर कोर्टात गेले, २०२४ मध्ये त्याला भरपाई द्यावी लागली. बरोबरच झालं. पण एका माणसाचा फोटो उचलणं वेगळं अन् उपग्रहाच्या चित्रांतून अख्खा उद्योग उघडा पाडणं वेगळं.

अन् पोस्ट लिहिणाऱ्या भाऊनं हेनरचं चित्र लावलं, त्याचं नाव मात्र क्रॉप करून टाकलं, ते कोणत्या खात्यात धरायचं?