अंधार आवश्यक असतो म्हणे

रात्री नऊनंतर माझी नेमणूक बाथरूमच्या दाराबाहेर असते. आत कन्या, बाहेर मी. घडीघडीला "बाबा, आहेस ना?" आणि "आहे." नुसतं "हो" चालत नाही. "हो" तर भूतही म्हणेल, असं तिचं म्हणणं.

यावर एका अनुभवी पालकांनी जिल टॉमलिन्सन यांचं १९६८ सालचं पुस्तक सुचवलं. गव्हाणी घुबडाचं एक पिल्लू, प्लॉप, अंधाराला घाबरतं. आई त्याला चौकशीला पिटाळते. प्लॉप दर वेळी डोळे मिटून फांदीवरून धप्पकन खाली येतो, भेटेल त्याला विचारतो आणि वर जाऊन अहवाल देतो. प्रकरणं ७, प्रत्येकात अंधाराचा एक नवा गुण: अंधार दयाळू असतो, मजेदार असतो, आवश्यक असतो, शेवटी तर सुंदरसुद्धा! रोज एक प्रकरण, आठवड्यात भीती खलास, असा माझा हिशोब.

पहिली हरकत माझ्या आईची. "दिवेलागणीला घुबडाचं नाव कशाला?"

म्हटलं, "अगं, लक्ष्मीचं वाहन आहे."

"मग ती आली की बघू."

वाचताना माझा जीव मात्र प्लॉपच्या बापात अडकलेला. रात्रभर वणवण करून शिकार आणायची, ती पोराने एका घासात गट्ट करायची आणि चोच वासून पुन्हा उभं राहायचं. धीट व्हायचं पोराने, झिजायचं बापाने. याचं एकही प्रकरण नाही.

कन्येवर परिणाम झाला, नाही असं नाही. अभ्यासाला बस, दिवा लाव म्हटलं की ती गंभीरपणे सांगते, "बाबा, अंधार आवश्यक असतो." बाथरूमला मात्र हा नियम लागू नाही.

सातवं प्रकरण संपलं. प्लॉप धीट झाला, आईबाबांबरोबर शिकारीला निघाला. मी पुस्तक मिटून विजयी मुद्रेने पाहिलं. ती छताकडे बघत विचार करत होती.

"पण घुबडाला अंधारात दिसतं ना?"

"दिसतं."

"आणि तूच म्हणालास, नुसत्या आवाजावरून उंदीर पकडतं."

म्हणालो होतो. मोठ्या उत्साहात, तिसऱ्या प्रकरणाच्या वेळी.

"मग त्यात काय मोठं? मला कुठे दिसतं?"

पलीकडच्या खोलीतून आईचं समाधानाचं खोकणं ऐकू आलं.

"आता खऱ्या मुलीचं पुस्तक आण," कन्या कूस बदलत म्हणाली. "आणि त्यात तिचे बाबा शेवटपर्यंत जागे पाहिजेत."