‘लेखकालाच विचारा’ या युक्तिवादाविषयी

‘कलाकृतीचा खरा अर्थ ती घडवणाऱ्यालाच ठाऊक असतो, त्याचा हेतू शुद्ध असेल तर आक्षेप गैरलागू, आणि हेतू दूषित असेल तर कौतुक गैरलागू’ असे एक विधान वारंवार ऐकू येते. नाटकावरून किंवा चित्रपटावरून वाद पेटला की दोन्ही बाजूंचे लोक तेच विधान पुढे करतात, यावरूनच त्याच्या उपयोगाची कल्पना यावी. त्याच्या समर्थनार्थ सहसा तीन कारणे दिली जातात: लिहिणाऱ्याइतका अधिकारी साक्षीदार दुसरा नाही; त्याचे चरित्र कळले की कृतीचे कोडे सुटते; आणि हेतू बाजूला ठेवला तर कोणीही काहीही अर्थ काढू लागेल. यांपैकी एकही कारण मला टिकणारे वाटत नाही.

पहिले कारण विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर घासून पाहू. या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. नाना फडणविसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी होते असा गदारोळ उठला आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननेच ते थांबवले. तेव्हा त्यातल्या तरुण मंडळींनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभे केले. तेंडुलकरांनी आपली बाजू स्पष्ट मांडली होती. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, पेशवे, नाना किंवा घाशीराम यांच्या नीतिअनीतीवर भाष्य करण्याचा आपला इरादा नाही, घाशीराम हे ज्या सामाजिक-राजकीय शक्तींतून निर्माण होतात त्यांना स्थळकाळाचे बंधन नसते, असे त्यांचे म्हणणे होते. या खुलाशाने विरोधकांचे समाधान झाले नाही, आणि ते व्हायला हवे होते असे मला वाटत नाही. रंगमंचावर नानाचे नाव नाना आहे आणि शहराचे नाव पुणे आहे. ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ असे लेखकाने सांगितल्याने प्रेक्षकाला ते दिसायचे थांबत नाही. चूक झाली ती याच्या पुढच्या पायरीवर. दोन्ही पक्ष तेंडुलकरांच्या मनात डोकावत राहिले, एकाला तिथे जातिद्वेष सापडला, दुसऱ्याला निखळ समाजचिंतन, आणि रंगमंचावर काय चालले आहे हे पाहायचे राहून गेले.

तिथे ब्राह्मणांची एक रांग गणपतीला वंदन करीत डुलत असते, आणि ती रांगच नाटकाचा पडदा आहे. प्रेक्षकांकडे तोंड करते तेव्हा ती गाते. पाठ फिरवते तेव्हा तिची भिंत होते. या भिंतीच्या साक्षीने घाशीराम कोतवालीच्या बदल्यात आपली मुलगी ललितागौरी नानाच्या हवाली करतो आणि अभंगाला लगटून लावणी येते. त्या रांगेतली माणसे पुढे कोतवालाच्या जुलुमात स्वतःच भरडली जातात, घाशीरामाला जमाव ठेचून मारतो, नाना उत्सवाचा हुकूम सोडतो, आणि तीच माणसे पुन्हा नाचू लागतात. सोसणारे आणि आडोसा देणारे हात एकाच माणसांचे आहेत, हे नाटक या हालचालीतून सांगते. ते लेखकाच्या खुलाशातून कळत नाही आणि आक्षेपकांच्या निषेधातूनही कळत नाही.

शिवाय हेतू म्हणजे नेमका कोणाचा? दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्ययोजना कृष्णदेव मुळगुंदांची. प्रेक्षकाला जी रांग दिसली तिच्यात संहितेचा वाटा किती आणि तालमीचा किती, हे वेगळे काढून दाखवणे शक्य नाही, आणि प्रयोगाच्या परिणामाला त्याने फरकही पडत नाही. आणखी एक गोष्ट आहे. नाटकातला कोतवाल रात्री घराबाहेर पडणाऱ्याला परवाना विचारतो, आणि हळूहळू पुण्यात परवान्यावाचून काहीच करता येत नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. त्यानंतर एखाद्या प्रेक्षकाला तो प्रवेश पाहताना आपल्या भोवतीचे शहर आठवले असेल, तर त्याचे वाचन चुकीचे म्हणायचे काय? १९७२ मध्ये लिहिणाऱ्याच्या मनात ती आणीबाणी असणे शक्यच नव्हते. तरी प्रवेशातला प्रत्येक शब्द त्या अर्थाला वाट करून देतो.

दुसरे कारण चरित्राचे. मराठीत त्याचा सर्वांत जास्त जाच बालकवींच्या ‘औदुंबर’ला झाला असावा. कविता आठ ओळींची आहे. कवी उदास वृत्तीचा होता आणि १९१८ मध्ये ऐन तारुण्यात रेल्वेच्या अपघातात गेला, हे दोन धागे हाती घेऊन त्या झाडात खिन्नता, वैराग्य, मृत्यूची चाहूल शोधणारे वाचक पुष्कळ आहेत. तसे काही कवितेत नाहीच, असे माझे म्हणणे नाही. पण ते असेल तर ओळींत असायला हवे. तिथे काय आहे ते पाहा. निळासावळा झरा वाहतो आहे, हिरव्या कुरणातून पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे चालली आहे, म्हणजे आधीचे सारे चित्र हलते आहे, आणि मग शेवटच्या दोन ओळी येतात:

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

काळिम्याला ‘गोड’ म्हटले आहे, इथेच निव्वळ खिन्नतेचे वाचन अडखळते. पायवाटेचा शेवट मात्र काळ्या डोहाशी होतो, त्यामुळे निव्वळ आनंदाचेही अडखळते. चालत्या-वाहत्या चित्रात ‘बसला’ हे क्रियापद एकटे पडते, आणि ‘असला’ या साध्या, जवळजवळ बोलीतल्या शब्दाने कवी झाडाकडे बोट दाखवून थांबतो. कसला, ते सांगत नाही. ज्या शब्दाने अर्थ मुद्दाम मोकळा ठेवला आहे, त्यात वाचकाने कवीचे आयुष्य कोंबले की कवितेचे नुकसान होते. (हीच सवय उलट्या दिशेनेही चालते: कवितेवरून कवीची उदासी सिद्ध करायची आणि मग त्या उदासीवरून कविता.)

तिसरे कारण अनागोंदीचे, आणि त्याच्याबरोबर येणारा टोमणा असा की हेतू बाजूला ठेवणे हे पाश्चात्त्य फॅड आहे. विम्सॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकी अभ्यासकांचा यासंबंधीचा प्रसिद्ध निबंध १९४६ चा आहे, हे खरे. पण आपल्याकडे पूर्वमीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचे शास्त्र रचणारे पंडित, त्याच्या कित्येक शतके आधी याहून अवघड प्रश्नाशी झुंजत होते. वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ताच नाही, असे ते मानतात. म्हणजे कर्त्याला विचारण्याची सोय मुळातच नाही. तरीही त्यांनी वाटेल त्या अर्थाला मोकळीक दिली नाही. आरंभ आणि शेवट यांची सांगड, पुन्हा पुन्हा आलेली गोष्ट, ग्रंथात नवे काय आहे, फल काय, स्तुतिनिंदेचा भाग कोणता आणि युक्तिवाद कोणता, अशा खुणांवरून तात्पर्य ठरवण्याची शिस्त त्या परंपरेने घालून दिली. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात गीतेचे तात्पर्य काढण्यासाठी याच कसोट्या पुढे ठेवल्या आहेत. त्या ‘घाशीराम’ला लावून पाहा: आरंभी रांग, शेवटी रांग, आणि मध्ये सतत फिरून येते तीही रांगच. हे नाटक मुख्यतः नानाच्या चारित्र्याविषयी आहे हे वाचन या कसोटीवर मागे पडते, आणि त्यासाठी तेंडुलकरांची साक्ष काढावी लागत नाही.

हेतूला कुठेच स्थान नाही, असे मात्र मी म्हणत नाही. कायद्यात ते आहेच. धार्मिक भावना दुखावल्याच्या गुन्ह्यात, जुन्या दंडसंहितेच्या कलम २९५अ मध्ये आणि आजच्या न्याय संहितेच्या कलम २९९ मध्येही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने कृत्य केल्याची अट आहे. ती योग्यच आहे, कारण तिथे प्रश्न एका माणसाला तुरुंगात पाठवण्याचा असतो. पाठ ठरवतानाही तसेच. कवीने कोणता शब्द लिहिला आणि छापणाऱ्याने कोणता जुळवला हे शोधताना लेखकाच्या इच्छेवाचून चालत नाही. ‘असला’च्या जागी उद्या बालकवींच्या हस्ताक्षरात दुसरा शब्द निघाला, तर वरचा सगळा परिच्छेद मला मागे घ्यावा लागेल.