मेंदूज्वराचा आळ गाढवांवर कशाला?

पाऊस लागला की परभणी-नांदेडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं, 'गाढवाला, घोड्याला चावलेला डास माणसाला चावला की मेंदूज्वर होतो. त्यांच्या अंगाला हात लावला तरी रोग येतो. सर्रा आता माणसांत आलाय. वीटभट्टीवरची गाढवं गावाबाहेर काढा, माळेगावचा घोडेबाजार बंद करा.' खाली तोंडाला फेस आलेल्या गाढवाचा फोटो. मी जनावरांचा डॉक्टर आहे. या मजकुरामुळे भट्टीवरच्या माणसांना पाणवठ्यावरून हुसकावलेलं मी पाहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डासाची गोष्ट आधी. जपानी मेंदूज्वराचा विषाणू क्युलेक्स जातीच्या डासांमधून पसरतो, हे खरं. पण डासाला तो मिळतो बगळे-ढोकरींसारख्या पाणपक्ष्यांकडून आणि डुकरांकडून. त्यांच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो. घोड्या-गाढवाच्या रक्तात तो इतका कमी चढतो की त्याला चावलेला डास पुढे कुणाला लागण देऊ शकत नाही. माणसाचंही तसंच. म्हणजे या रोगात गाढव आणि आपण एकाच रांगेत शेवटी उभे आहोत. दोघांनाही रोग होतो, दोघांकडूनही तो पुढे जात नाही. घोड्याला झाला तर ताप येतो, ते दात खातं, झोकांड्या खातं, कधी त्याला डोळ्यांनी दिसेनासं होतं. डासांमधूनच पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूचंही असंच आहे, फक्त तिथे मुख्य साठा पक्ष्यांत असतो.

भारतात माणसांमधला जपानी मेंदूज्वर पहिल्यांदा 1955 मध्ये तमिळनाडूत, वेल्लोरकडे आढळला. 2005 साली उत्तर प्रदेशात गोरखपूरच्या पट्ट्यात त्यानं हजाराहून जास्त बळी घेतले. तो भातखाचरांचा मुलूख. तुंबलेलं पाणी, डुकरं, बगळे आणि लस न मिळालेली मुलं, सगळं तिथे एकत्र आलं होतं. त्यात गाढवांचा काही हात नव्हता. आणि हे वाचून कुणी डुकरं पाळणाऱ्यांच्या मागे लागू नये. डुकरांचे वाडे वस्तीपासून लांब असावेत आणि मुलांना लस मिळावी, एवढंच मागणं योग्य आहे.

घोड्यांच्या रक्तात विषाणू वाढून डासांमार्फत माणसांत जातो असा एक मेंदूज्वर खरोखर आहे. तो व्हेनेझुएलाचा. 1995 मध्ये व्हेनेझुएला आणि कोलंबियात त्याची मोठी साथ आली होती. तो अमेरिका खंडातला रोग आहे. तिकडची माहिती उचलून माळेगावच्या बाजाराला चिकटवणं चूक आहे.

आता सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे जनावरांना होणारा रोग. याच्यावर थोडं थांबतो, कारण तो आपल्याकडे आहे आणि दरवर्षी जनावरं खातो. आजारी गाढव चारा खातं पण अंगी लागत नाही. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. पोटाखाली आणि पायांत पाणी उतरतं, बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहतो. पापणी उलटली तर आतून पांढरटफटक. कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की तांबड्या पेशींना ढुशा देत वळवळणारे परजीवी दिसतात. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यांनी ते 1880 मध्ये, आता पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खानला, पहिल्यांदा ओळखले. घोडमाशी एका जनावराचं रक्त पिताना उडवली गेली आणि लगेच दुसऱ्यावर बसली, की तिच्या सोंडेवरचं रक्त रोग पोचवतं. क्विनापायरामिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचतं.

माणसांत आला का? आला होता, आपल्याच राज्यात. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी सापडला. माणसाच्या रक्तात एपोएल-1 नावाचं प्रथिन असतं, तेच या परजीवीला मारतं. त्या शेतकऱ्याच्या शरीरात ते कामाचं तयारच होत नव्हतं. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. त्याच्या गावातल्या 1800हून अधिक लोकांना तपासलं, एकाच्याही रक्तात परजीवी निघाला नाही. असं एखादं दुर्मीळ उदाहरण धरून 'सर्रा माणसांत आलाय' म्हणणं म्हणजे लोकांना उगाच घाबरवणं.

हात लावण्याबद्दल मात्र नीट ऐका. डास-माश्यांचे हे रोग स्पर्शानं होत नाहीत. पण ग्लँडर्स होतो. तो डासांचा रोग नाही, जिवाणूचा आहे. नाकातून घट्ट चिकट स्राव, पायांवर ओळीनं गाठी आणि त्या फुटून जखमा, असं घोडं-खेचर दिसलं तर लांब राहा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या 2009च्या कायद्यानं हे कळवणं बंधनकारक आहे. फोटोतल्या गाढवाला काय झालंय ते मी फोटोवरून सांगणार नाही. पण लाळ गळतेय, गिळता येत नाही, असं जनावर समोर आलं की आम्ही आधी विचारतो, 'मामा, पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं का?' अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका.

बाजाराचं थोडक्यात. खंडोबाची माळेगाव यात्रा भरते थंडीत, मेंदूज्वराचे डास वाढतात पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ. बाजारात खरी काळजी आहे ती सर्रा आणि ग्लँडर्सची. जनावर घेण्याआधी रक्त तपासून घ्या, प्रत्येकाला वेगळी बादली ठेवा, नवं जनावर घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा.

याच मजकुराला अलीकडे एक शेपूट जोडलंय, 'उपाय म्हणून लेकराला गाढविणीचं दूध पाजा.' गल्लोगल्ली चमच्यानं हे दूध विकणारी माणसं पोटासाठी फिरतात, त्यांच्यावर माझा राग नाही. पण या दुधानं मेंदूज्वर टळत नाही, बरा तर नाहीच होत. लेकराला जोराचा ताप आहे, झटके येतायत, ते हाकेला ओ देत नाही, तर तोंडात काहीही घालू नका. एका कुशीवर निजवा, 108ला फोन लावा.