शाफ्ट बदला आणि डिफ्लेक्शन विसरा? इतकं सोपं नाही

पूल या बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळात हल्ली एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: साइड मारताना (क्यूने, म्हणजे काठीने, पांढऱ्या बॉलच्या मध्याऐवजी डाव्या किंवा उजव्या अंगाला मारून त्याला फिरकी देताना) पांढरा बॉल रेषेवरून सरकतो, म्हणजे डिफ्लेक्शन होतं, कारण क्यू वाकतो. तेव्हा हे सरकणं कमी करणारा लो-डिफ्लेक्शन शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) घ्या, मागच्या हाताची पकड सैल ठेवा, हळू मारा, क्यू होता तसाच समांतर बाजूला घ्या आणि सरळ निशाण्यावर मारा. डिफ्लेक्शन धरून मारायला शिकण्यात वर्षं घालवू नका, मोठे खेळाडूही तसं काही करत नाहीत.

यातलं एकही वाक्य नीट उभं राहत नाही. तरी सल्ला पसरतो, कारण तो पाळला की पहिल्या संध्याकाळी खरंच चार बॉल जास्त पडतात. ते का पडतात, हेही पुढे येईल.

आधी "क्यू वाकतो म्हणून" हे प्रकरण. पांढऱ्याच्या उजव्या अंगाला टिप (क्यूच्या टोकावरची छोटी गादी) लागली की बॉल पुढे निघतो आणि त्याच क्षणी स्वतःभोवती फिरायला लागतो. खडू लावलेली टिप त्याला धरून असते. बॉलची आपल्याकडची बाजू उजवीकडे फिरत असते, म्हणून ती टिपेलाही सोबत उजवीकडे ओढते. क्यूचं टोक असं आडवं ढकलायला बॉल जेवढा जोर लावतो, तेवढाच जोर उलटून बॉलवर येतो. उजवी साइड मारली की बॉल डावीकडे निसटतो तो यामुळे. टिप आणि बॉल एकमेकांना लागून असतात ते साधारण एक मिलिसेकंद, आणि तेवढ्यात हा आडवा धक्का क्यूमध्ये जेमतेम वीतभर मागे पोचतो. म्हणजे मुद्दा उरतो तो त्या वीतभर तुकड्याच्या वजनाचा. टोक जड असेल तर बॉल जास्त सरकेल, हलकं असेल तर कमी.

रॉन शेपर्ड यांनी 2001 साली या विषयावर लिहिलेल्या सविस्तर लेखात हेच गणित मांडलं आहे. डेव्हिड ॲल्सिअटोर या यांत्रिकी अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी शाफ्टच्या टोकाजवळ जादा वजन लावून पाहिलं, तर डिफ्लेक्शन वाढलं. एवढं सगळं नको असेल तर कार्बन फायबरचा शाफ्ट हातात घेऊन बघा. पुष्कळ लाकडी शाफ्टपेक्षा तो ताठ असतो आणि डिफ्लेक्शनही कमी देतो, पण ते ताठपणामुळे नव्हे, तर तो आतून पोकळ आणि टोकाला हलका असतो म्हणून. वाकणं हेच कारण असतं, तर लवचीक शाफ्टने नेहमी जास्त आणि ताठ शाफ्टने नेहमी कमी डिफ्लेक्शन द्यायला हवं होतं, आणि तसा हिशोब जुळत नाही. स्लो मोशनमध्ये शाफ्ट थरथरताना दिसतो खरा, पण ती बहुतेक थरथर बॉल निघून गेल्यानंतरची असते.

सैल पकडीचा मुद्दा इथेच निकालात निघतो. मागचा हात टिपेपासून मीटरभर दूर. धक्का तिथवर पोचायच्या आत बॉल सुटलेला असतो. तुम्ही क्यू दोन बोटांवर तोलून धरा की मूठ आवळून धरा, बॉलला त्याची वार्ता नसते. सैल पकड चांगलीच, पण वेगळ्या कारणासाठी. मूठ आवळली की मनगट फिरतं आणि टिप ठरवल्या जागी न लागता भलतीकडे लागते. तो स्ट्रोकचा दोष आहे. त्याचं बिल डिफ्लेक्शनच्या नावावर फाडलं जातं इतकंच.

आता लो-डिफ्लेक्शन शाफ्ट. प्रेडेटर या क्यू बनवणाऱ्या कंपनीचा 314 हा शाफ्ट 1990च्या दशकात आला आणि तेव्हापासून या शब्दाला वजन आलं (शाफ्टचं मात्र कमी झालं). हे शाफ्ट काम करतात, त्याबद्दल वाद नाही. पण नावात "लो" आहे, "नो" नाही. हिशोब मांडून बघू. समजा जवळजवळ टोकाची साइड मारली, म्हणजे बॉलच्या मध्यापासून 14 मिलिमीटर बाहेर, आणि साध्या शाफ्टने बॉल 2.5 अंश सरकला. दुसरा बॉल दीड मीटरवर अगदी सरळ रेषेत आहे. जोरात मारलं आणि वाटेतलं वळण धरलं नाही, तर पांढरा तिथे पोचेपर्यंत सुमारे 65 मिलिमीटर बाजूला गेलेला असेल. बॉलचा व्यास 57 मिलिमीटर. म्हणजे समोरच्या बॉलला न शिवताच पांढरा पुढे निघून जाईल.

आता तोच फटका हलक्या शाफ्टने, समजा 1.7 अंशांवर. बॉल साधारण 44 मिलिमीटर सरकेल आणि समोरच्याला लागेल, पण इतका पातळ की तो बॉल सरळ जायच्या ऐवजी 50 अंश बाजूला पळेल. पहिला फटका लागलाच नाही, दुसरा लागून चुकला. सरळ निशाणा धरणाऱ्याला या फरकाचा उपयोग काय? पॉकेट दोन्ही वेळा रिकामंच. कमी सरकणाऱ्या बॉलसाठीही तेवढं धरूनच मारावं लागतं. फायदा एवढाच, की अंदाजात थोडी चूक झाली तरी ती लहान राहते. हा फायदा मोठा आहे, पण त्याच्या जोरावर शिकणं टळत नाही.

उलट कधीकधी शाफ्ट बदलल्यामुळेच आधी शिकलेलं मोडतं. माझं तसं झालं. जुन्या शाफ्टवर मी मधल्या निशाण्यावर बसून, ब्रिजचा, म्हणजे क्यूला पुढे आधार देणारा हात न हलवता मागचा हात बाजूला न्यायचो, म्हणजे टिप आपोआप साइडला जायची. या युक्तीत क्यू तिरका होतो, आणि तो तिरकेपणा डिफ्लेक्शनच्या बरोबर उलट असतो. ब्रिज आणि बॉल यांतलं अंतर ठीक असेल तर दोन्ही एकमेकांना खातात. वरच्या 2.5 अंशांच्या शाफ्टसाठी हे अंतर सुमारे 30 सेंटिमीटर येतं, हाताला सोयीचं. 1.7 अंशांच्या शाफ्टसाठी तेच अंतर 45 सेंटिमीटरच्या आसपास जातं, आणि एवढा लांब ब्रिज घेऊन कोणी सुखाने खेळत नाही. मी नवा शाफ्ट लावला, ब्रिज जुनाच ठेवला आणि महिनाभर प्रत्येक साइडचा फटका उलट्या अंगाला चुकवला. उजवी साइड मारली की बॉल उजवीकडे. शाफ्टमध्येच खोट आहे अशी माझी खात्री पटली होती. खोट शाफ्टमध्ये नव्हती. क्यू गरजेपेक्षा जास्त तिरका मीच करत होतो.

"क्यू समांतर बाजूला घ्या" हा उपाय तर सगळ्यांत वाईट. समांतर सरकवलेला क्यू मूळ रेषेच्याच दिशेने तोंड करून असतो, म्हणजे भरपाई शून्य आणि डिफ्लेक्शन पूर्ण.

मग पहिल्या दिवशी चार बॉल जास्त का पडतात? उत्तर "हळू मारा" मध्ये आहे. डिफ्लेक्शनचा कोन वेगावर अवलंबून नसतो. जोर दुप्पट केला तर बॉलचा पुढचा वेग वाढतो आणि टोकाला मिळणारा आडवा धक्काही त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे कोन तोच राहतो. वेगाबरोबर बदलतं ते वेगळंच काही. कुशनची, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाची, कड बॉलच्या व्यासाच्या सुमारे 63 टक्के उंचीवर असते, म्हणजे बॉलच्या मध्यापेक्षा वर. कुशनवरून जाणारा क्यू म्हणूनच पूर्ण आडवा राहूच शकत नाही, मागून थोडा उचललेला असतोच. अशा क्यूने साइड मारली की बॉल कापडावर घसरता घसरता साइडच्याच बाजूला वळतो. उजवी साइड दिली तर आधी डावीकडे निसटला, मग हळूहळू उजवीकडे परत आला. याला स्वर्व्ह म्हणतात. हळू मारलेल्या बॉलला वळायला वेळ मिळतो, म्हणून तो रेषेच्या जवळ परत येतो आणि वाटतं, डिफ्लेक्शन गेलं. गेलं नाही. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, तेही ठरावीक अंतरावर.

तोच फटका टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मारून बघा. बॉल रेषा ओलांडून पलीकडे जाईल. कापड नवं आणि गुळगुळीत असेल तर वळण उशिरा येईल, जुनं झिजलेलं असेल तर लवकर. पांढरा कुशनला चिकटलेला असेल आणि क्यू जास्त उचलावा लागला तर वळण अंगावर येईल. म्हणजे "हळू मारा" म्हणणारा माणूस एक स्थिर गोष्ट टाळून चार अस्थिर गोष्टींच्या हाती सापडतो. सुरुवातीला बहुतेक फटके जवळचे आणि एकाच टेबलावरचे असतात, म्हणून हे दिसत नाही.

हळू मारण्यात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे थ्रो. फिरणारा पांढरा समोरच्या बॉलला लागताना घर्षणाने त्याला थोडा ओढतो. उजवी साइड असेल तर समोरचा बॉल डावीकडे ढकलला जातो. वेग कमी असला आणि बॉल मळलेले असले की हे वाढतं. जवळच्या हळू फटक्यात डिफ्लेक्शनचा परिणाम नगण्य आणि थ्रो ठळक, लांबच्या जोराच्या फटक्यात उलट. एकाच "सरळ निशाण्यात" हे दोन्ही कसे मावणार?

मोठे खेळाडू धरत नाहीत, असं वाटतं कारण ते धरताना दिसत नाहीत. खाली वाकतानाच त्यांचा क्यू त्या तिरक्या रेषेवर आलेला असतो. हजारो फटक्यांनी ते शरीरात उतरलं आहे, आणि विचारलं तर कदाचित त्यांनाही किती अंश ते सांगता येणार नाही. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतोस विचारा, तसंच.

मग शिकायचं कसं? मला उपयोगी पडलेला एकच प्रयोग सांगतो. दोन बॉल मीटरभर अंतरावर सरळ रेषेत ठेवा. मध्याच्या जरा खाली मधोमध निशाणा धरा, मग ब्रिज न हलवता मागचा हात सरकवून पूर्ण साइड घ्या आणि बऱ्यापैकी जोरात मारा, म्हणजे वळण मध्ये येणार नाही. आता समोरच्या बॉलकडे बघू नका, त्याला थ्रो लागलेला असतो. पांढऱ्याकडे बघा. टक्कर पूर्ण झाली असेल तर तो जागीच भिंगरीसारखा फिरत राहतो. फटका साइडच्या अंगाला लागला तर ब्रिज आखूड आहे, तो लांबवा. उलट अंगाला लागला तर जवळ घ्या. ज्या अंतरावर भिंगरी जागेवर थांबते, ते तुमच्या शाफ्टचं अंतर.

ते हाताच्या सोयीपेक्षा लांब निघालं तर नेहमीच्याच ब्रिजवर राहा आणि साइडचा काही भाग मागच्या हाताने, उरलेला ब्रिजचा हात किंचित सरकवून घ्या. हळू फटक्यात पुढच्या हाताचा वाटा वाढवायचा, कारण तिथे बॉल स्वतःच परत येणार असतो. किती वाढवायचा, हे अंतरानुसार बदलतं, म्हणून मी मध्यापासून अर्ध्या टिपेएवढी आणि एका टिपेएवढी बाहेर अशा दोनच साइड पक्क्या केल्या. साइड निम्मी केली की डिफ्लेक्शनही जवळपास निम्मं होतं, त्यामुळे मधलं फारसं पाठ करावं लागत नाही. नव्या शाफ्टवर माझी भिंगरी 43 सेंटिमीटरवर जागेवर थांबली. जुन्यावर ती 30 वर थांबायची. तो महिना कुठे गेला, ते त्या दिवशी मोजपट्टीवर दिसलं.