स्विफ्टचं कोणतं व्हेरियंट कोकणात चालेल?

मारुतीच्या नव्या स्विफ्टमध्ये सगळ्यात वरचं झेडएक्सआय प्लस व्हेरियंटच घ्या, हा एका लेखात वाचलेला सल्ला शहरासाठी ठीक असेल. आम्ही राहतो गुहागरकडे. २०२४ पासून सहा एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) अगदी सगळ्यात खालच्या एलएक्सआयपासून मिळतात, हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कुंभार्ली घाटात चढावर ट्रकमागे थांबावं लागतं, तेव्हा गाडी मागे सरकत नाही, याची किंमत आम्हालाच कळते. जुनं चार सिलिंडरचं इंजिन जाऊन तीनचं आलं, ताकदही थोडी घटली. पाच माणसं नि आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढवूनच ठरवा.

टायरचा मुद्दा मात्र लेखात हवाच होता. मधल्या व्हीएक्सआयला १६५/८० आर१४ (१६५ मिमी रुंद, कड रुंदीच्या ८० टक्के, चाक १४ इंची), त्यावरच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर१५. म्हणजे लहान चाकाच्या टायरची कड, रिमपासून रस्त्यापर्यंतची उंची, साधारण १३२ मिमी, मोठ्याची १२०. वाडीतल्या जांभ्याच्या रस्त्यावर ती जाड कड रिमला वाचवते. झेडएक्सआयची अलॉय (मिश्रधातूची) चाकं दिसायला झकास, पण खड्ड्यात रिम वाकलं तर लोखंडी रिम गावातसुद्धा सरळ करून मिळतं. झेडएक्सआयचा मागचा वायपर तेवढा पावसात खरंच लागतो. झेडएक्सआय प्लसच्या मोठ्या स्क्रीनपेक्षा ते पैसे अंडरबॉडी कोटिंगला (गाडीच्या तळाला गंजरोधक लेप) घाला, खारा वारा पत्रा सोडत नाही.