पुरीच्या देवळावरून पक्षी उडतात, आत्या

दर रथयात्रेला आमची आत्या कुटुंबाच्या ग्रुपवर तोच मेसेज टाकते. पुरीच्या जगन्नाथ मंदिराची रहस्यं, आणि शेवटी 'विज्ञानानेही हात टेकले'. शिखरावरचा ध्वज वाऱ्याच्या उलट दिशेने फडकतो. देवळावरून पक्षी उडत नाही. देवळाची सावली पडत नाही. सिंहद्वारातून, म्हणजे पूर्वेच्या मुख्य दारातून, एक पाऊल आत टाकलं की समुद्राची गाज बंद. चुलीवरच्या मडक्यांच्या उतरंडीत सर्वांत वरचं आधी शिजतं. प्रसाद कधी कमी पडत नाही आणि कणभरही उरत नाही. खाली हात जोडल्याच्या इमोजींची रांग. मी जगन्नाथाला मानतो, पुरीला जाऊन आलोय, आणि दरवर्षी गप्प बसून कंटाळलोय.

आधी पक्षी. २०२५ च्या एप्रिलमध्ये ध्वजासारखं कापड पायांत धरून देवळाभोवती घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याचा व्हिडिओ देशभर फिरला. हा शुभशकुन की अपशकुन यावर वाद रंगले. तो व्हिडिओही आत्यानेच पाठवला होता! एकाच ग्रुपवर 'पक्षी उडत नाहीत' आणि उडणारा पक्षी, दोन्हींना तेवढेच नमस्कार. यावर आणखी काय लिहायचं?

सावलीचा मुद्दा जरा निवांत बघू, कारण तो ऐकायला खरा वाटतो. देऊळ रस्त्यापासून सुमारे २१४ फूट, म्हणजे ६५ मीटर उंच. पुरीचं अक्षांश १९.८ उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस, जेव्हा दुपारची सावली वर्षातली सर्वांत लांब असते, तेव्हा सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवर असतो. हिशेब केला तर शिखराची सावली उत्तरेला साधारण ६१ मीटर पोचते. देवळाचं आवार सुमारे ६६५ बाय ६४० फूट. म्हणजे ऐन हिवाळ्यातही दुपारची सावली आवाराच्या आतच, लहानमोठ्या देवळांच्या गर्दीत पडून राहते. बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसणार कशी? आत कॅमेऱ्याला आणि मोबाइलला बंदी, त्यामुळे फोटो नाहीत. मे आणि जुलैमध्ये एकेकदा सूर्य पुरीच्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा तर उभ्या काठीचीही सावली पायाशी गोळा होते. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेची मुलं गच्चीवर काठ्या रोवून बसतात, तोच प्रकार.

खात्रीच करायची असेल तर मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये, विषुवदिनाच्या आसपास, उन्हं उतरताना सिंहद्वारासमोर अरुणस्तंभापाशी उभं राहावं. सूर्य शिखराआड गेला की समजायचं, जी पडत नाही म्हणतात त्याच सावलीत आपण उभे आहोत. (हा अरुणस्तंभ मूळचा कोणार्कचा. अठराव्या शतकात, ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल असताना तो पुरीला आणून उभारला. मराठी माणसाने पाठवावी अशी ही गोष्ट, पण ती त्या मेसेजमध्ये नाही.)

ध्वजाबद्दल माझा एकच प्रश्न आहे. वारा कुठून येतोय हे बघायला आपण ध्वजाकडेच पाहतो. मग तो उलटा फडकतोय हे ठरवलं कशावरून? खाली बडदांडावर, म्हणजे रथाच्या त्या रुंद रस्त्यावर, इमारतींना वळसे घालत आलेला वारा वेगळा आणि ६५ मीटरवरचा मोकळा वारा वेगळा. मेसेजच्या काही आवृत्त्यांत असंही असतं की पुरीत दिवसा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलात शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा येतो. पुरीच्या वाळूवर संध्याकाळी बसलं की तोंडावर खारा वारा येतो, दापोलीला येतो तसाच.

या ध्वजाचं खरं आश्चर्य वेगळंच आहे. रोज सूर्यास्ताच्या सुमारास ध्वज बदलायला चुनरा सेवक पाठीला ध्वजांचं गाठोडं बांधून, दोराशिवाय, दगडाच्या खाचांत हातपाय रोवत नीलचक्रापर्यंत, म्हणजे शिखरावरच्या धातूच्या चक्रापर्यंत चढतो. खाली लोक मान वर करून उभे. मी ते पाहिलं तेव्हा वारा कुठून वाहतोय हे बघायचं मला सुचलंही नाही. पुसट होत जाणारा तो माणूस आणि त्याची दगडावर सरकणारी बोटं, एवढंच पाहत होतो. २०२० च्या मार्चमध्ये वरच्या दिव्यामुळे ध्वज पेटला होता, म्हणजे वर काम किती नाजूक असतं बघा. मेसेजमध्ये या माणसाला अर्धी ओळसुद्धा नाही.

'विज्ञानाने हात टेकले' म्हणणाऱ्यांसाठी: सत्तरच्या दशकापासून पुरातत्त्व खात्याने शिखरावरचा चुन्याचा जाड गिलावा उतरवायला घेतला. या गिलाव्यामुळेच युरोपियन खलाशी समुद्रातून दिसणाऱ्या देवळाला पांढरा पॅगोडा म्हणत आणि कोणार्कला काळा. १९९० मध्ये वरच्या आमलकाचा, म्हणजे शिखराच्या माथ्यावरच्या चकतीसारख्या भागाचा, मोठा दगड निखळून खाली आला. विज्ञानाने तिथे हात टेकलेले नाहीत, ते परांची बांधून चढलेलं आहे.

आत समुद्राची गाज ऐकू येत नाही हे खरं आहे, त्यात नवल काहीच नाही. समुद्र तिथून दीड-दोन किलोमीटरवर, आणि आवाराला मेघनाद प्राचीर नावाची सुमारे २० फूट उंच दगडी भिंत. त्यातून बडदांडावर रिक्षा, पंडे, फेरीवाले, घंटा. या गोंगाटात गाज कोणी ऐकली, म्हणजे ती बंद झालेली कळेल? सुभद्रेला शांतता हवी होती म्हणून समुद्र गप्प झाला, ही आख्यायिका मात्र मला आवडते. आख्यायिका म्हणूनच सांगितली तर माझं काही म्हणणं नाही.

मडक्यांबद्दल थोडक्यात. मोदकपात्रात खाली पाण्याला उकळी येते आणि वर मोदक शिजतात, त्याला घरात कोणी चमत्कार म्हणत नाही. खालच्या मडक्यांची वाफ वरच्याला मिळतेच. कुठलं आधी शिजेल हे कशात काय आहे आणि पाणी किती, यावर ठरतं.

राहता राहिला उरण्या-न उरण्याचा प्रश्न. तिथे सुआर सेवक पिढ्यान्‌पिढ्या रांधतात, आनंदबाजारात महाप्रसाद विकला जातो, कुठल्या तिथीला किती गर्दी होते हे त्यांना तोंडपाठ. आपल्याकडे लग्नाचा आचारीही पाचशे पानांचा अंदाज डोळ्यांनी बांधतो. शिवाय पुरीत महाप्रसादाचा भात उन्हात वाळवून ठेवतात आणि त्याला 'निर्माल्य' म्हणतात. आपण देवावरून उतरलेल्या फुलांना म्हणतो ते नव्हे, वाळलेला भात. यात्रेकरू तो छोट्या पुडीत घरी नेतात.

अशी एक पुडी आत्याच्या देवघरात, चांदीच्या डबीत आहे. मी तिला फोन करून विचारलं, "कणभरही उरत नाही म्हणतेस, मग डबीत काय आहे?"

थोडा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, तो प्रसाद आहे. उरलेला कुठे आहे?"